मागे येताना डावीकडे

मी बोट बोलतेय. मासे पकडायची नाही, सहलीला न्यायची तर मुळीच नाही. माझ्या पोटातून उभ्या केलेल्या खांबाला दोर बांधायचा, दोराच्या टोकाला माणसाने पायात दोन फळ्या घालून लटकायचं, आणि मी त्याला पाण्यावरून ओढत न्यायचं. त्याला वॉटर-स्की म्हणतात. एवढ्या एकाच कामासाठी माझा जन्म झाला. वय म्हणाल तर पन्नाशीला टेकले आहे. पण आज माझं चित्त ठिकाणावर नाही, इंजिन अजून गरम आहे, त्यामुळे बोलताना पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्या.

मला साच्यातून काढलं तो दिवस मला आठवतो. फायबरचं अंग, त्याला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार, आणि बरोब्बर मध्यभागी आठ सिलिंडरचं इंजिन. वंशाने ते मोटारीचंच, पण एक गोष्ट वेगळी. मोटारीचं इंजिन ज्या बाजूला फिरतं त्याच्या नेमकं उलट माझं फिरतं. काही बोटींना तशीच इंजिनं बसवत. इंजिन बसवणाऱ्या कारागिराला हे माहीत होतं, मला माहीत होतं, तिसऱ्या कुणाला सांगायची गरज कुणाला वाटली नाही. हे तेवढं लक्षात ठेवा. पुढे यावरून माझ्या घरात रडारड व्हायची वेळ आली होती.

तळ्याकाठच्या एका क्लबाने मला घेतलं. तिथे बोट चालवायला एक मुलगी नोकरीला होती. अंगाने एवढीशी, की काचेवरून पुढचं दिसावं म्हणून बुडाखाली दोन उशा घ्यायची. पण एकदा स्टिअरिंग धरलं की पाण्यावर तरंगणाऱ्या लाल गोळ्यांच्या दोन रांगांमधून मला पट्टीने आखल्यासारखी सरळ न्यायची. धक्क्यावरचे लोक तिला कप्तान म्हणायला लागले, आणि मग तिचं खरं नाव सगळेच विसरले. चालवणाऱ्याने मागे वळून पाहायचं नसतं. नजर पुढे, आणि मागच्या माणसासाठी समोर एक हातभर आरसा. शिवाय बोटीत आणखी एक जण मागे तोंड करून बसतो. पडला, उठला, जोरात ने, हळू ने, हे त्याने सांगायचं.

दर रविवारी बसडेपोतला एक मेकॅनिक स्की करायला यायचा. डेपोत त्याला सगळे उस्ताद म्हणत. त्याला दिसायची कप्तानची फक्त पाठ, आणि तिला तो दिसायचा आरशात, बोटाएवढा. तो पडला की मला वळवून त्याच्यापर्यंत न्यावं लागे, आणि तेवढ्यात दोघांचं काहीबाही बोलणं होई. बरा स्की करणारा माणूस अचानक जरा जास्तच पडायला लागला, तेव्हा मला शंका आली. वर्षभरात त्यांचं लग्न झालं. जमवलं कुणी, तर मी. पण हाराला मला कुणी विचारलं नाही, ते असो.

त्यांची लेक धक्क्यावरच मोठी झाली. अठराव्या वर्षी तिने बोटीचा परवाना काढला आणि पहिल्याच दिवशी मला मागे घेताना धडाम करून धक्क्यावर आपटलं. डाव्या कुशीला वीतभर खोक पडली. परवाना चालू ठेवला, पण पोर इतकी शरमली की पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. पुढे ती दातांची डॉक्टर झाली. तिथे म्हणे मागे घ्यायची वेळ येत नाही.

मग क्लबाचे सभासद पांगले, क्लब बंद झाला. माझ्याबरोबरच्या तीन बोटी कुठे गेल्या मला ठाऊक नाही. मला कप्तानने घरी आणलं, मागच्या अंगणात ठेवलं आणि वर ताडपत्री घातली. “पुढच्या वर्षी बघू,” असं ती म्हणाली. माणसांचं पुढचं वर्ष किती लांब असतं हे मला तिथे कळलं. वीस वर्षं. माझ्या मागच्या सीटवर एका मांजरीने चार बाळंतपणं केली. पावसाचं पाणी तळात साठून आतले लाकडी पट्टे कुजले. इंजिनातले पिस्टन जागच्या जागी गंजून बसले. पहिली काही वर्षं कप्तान येऊन ताडपत्रीखाली हात घालून स्टिअरिंगवरून फिरवायची. नंतर तेही थांबलं. तिचा राग नाही मला, पण वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

या वर्षी एका दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोलणं ऐकू आलं. कप्तान डोळ्यांच्या डॉक्टरकडून आली होती. तिच्या नजरेच्या कडा गेल्या होत्या. मधलं शाबूत होतं, पण आजूबाजूचं दिसत नव्हतं. आहे ते टिकवण्यासाठी औषध होतं, गेलेलं परत येणार नव्हतं. बोटीचा परवाना चार महिन्यांनी संपत होता आणि नवा मिळणार नव्हता.

“रडत नाहीये मी,” कप्तान म्हणाली. “फक्त परवाना संपायच्या आत एकदा तिला चालवायचंय. तळ्यातल्या लाल गोळ्यांच्या मधून, सरळ.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाचव्या मिनिटाला माझ्यावरची ताडपत्री ओढली गेली आणि वीस वर्षांनी मला अख्खं आकाश दिसलं. मांजर फिसकारून पळाली. ‘ती’ म्हणजे मी होते, लक्षात आलं ना?

आणि मग काय सांगू तुम्हाला, घरात नुसती धांदल. उस्तादांनी माझी आतली जमीन ग्राइंडरने कापून काढली. खालचे पट्टे बोटाने उकरले तर ओल्या भुशासारखे हातात आले. नवं लाकूड बसवलं, त्यावर फायबरचे थर चढवले, रेझिनच्या वासाने शेजारी खिडक्या लावून घेऊ लागले. लेक आधी रागावली. चार महिन्यांत हे होणार नाही, आणि झालंच तर अशा डोळ्यांनी आईला पाण्यावर पाठवायचं का, असं ती बापाला विचारत होती. “मधलं दिसतं ना तिला? तिला मधलंच लागतं. कडेचं तू बघ,” असं उस्ताद म्हणाले. ती पाय आपटत गेली आणि पुढच्या शनिवारी दात तपासायचा छोटा आरसा घेऊन परत आली. त्या आरशाने तिने माझ्या सिलिंडरांत डोकावून पाहिलं. “कीड फार आहे, पण मुळं शाबूत आहेत,” असा तिचा निकाल होता.

इंजिन साखळीला टांगून बाहेर काढलं. पिस्टन सुटेनात. उस्ताद रोज सकाळी प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल ओतायचे, लाकडाचा ठोकळा ठेवून हळूच ठोकायचे आणि कान लावून ऐकायचे. अकराव्या दिवशी आतून ‘टक’ झालं. साठी उलटलेला माणूस अंगणात नाचला. मग लेथवाल्याकडे सिलिंडर घासून आणले, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, नवी गॅस्केटं. फक्त इंजिनाला पहिली गिरकी देणारा स्टार्टर जळलेला होता. डेपोतल्या दोस्ताने त्याच जातीच्या मोटारीचा एक आणून दिला. बोल्ट बसले, दात बसले, उस्ताद खूश झाले, आणि घात झाला तो तिथेच. प्लगच्या वायरींचा क्रमही त्यांनी मोटारीचाच लावला. मी ओरडून सांगत होते, पण आम्हा वस्तूंचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

परवाना संपायला नऊ दिवस उरले होते. किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं, गरगरलं, पण सुरू होईना. उस्तादांनी पुढचं झाकण काढून आतली चाकं जुळवायच्या खुणा तपासल्या. बरोबर होत्या. पुन्हा काढलं, पुन्हा तपासल्या. तीन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी लेकीने कार्बोरेटरच्या तोंडावर एक कागदी रुमाल ठेवला. खरं तर तो आत ओढला जायला हवा. किल्ली फिरवल्याबरोबर तो भुर्रकन उडून वरच्या फांदीत अडकला.

“बाबा, घ्यायच्या तोंडाने हे श्वास सोडतंय.”

उस्ताद उलट्या बादलीवर बसले. हात काळे, चेहरा उतरलेला. आयुष्यभर हजारो इंजिनं बांधली, बायकोचं एकच बांधायचं होतं तर तेवढं जमेना, असं ते जमिनीकडे बघत म्हणाले. आपण म्हातारे झालो, कुठेतरी चूक करतोय आणि ती दिसत नाहीये, हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला गलबलून आलं.

कप्तान चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली, आणि कप तसाच हातात धरून तिने विचारलं, “अहो, ती मागे घेताना कुठे जायची, आठवतं का तुम्हाला?”

“मला कसं आठवणार? मी कधी तुझ्या जागेवर बसलोय का? मी आपला दोराला.”

“डावीकडे. क्लबातल्या बाकीच्या तिन्ही बोटी मागे घेताना शेपूट उजवीकडे न्यायच्या. ही एकटी डावीकडे.”

मग उस्ताद इतक्या झटकन उठले की बादली गडगडत गेली. ते सरळ माझ्या पोटाखाली शिरले, मागून लेक शिरली, आणि दोघं टॉर्च लावून, पाण्यात फिरून मला ढकलणाऱ्या पंख्याच्या पात्यांचा पीळ बघू लागले. बोट मागे येताना कोणत्या बाजूला ओढते हे पंखा कुठल्या दिशेने फिरतो त्यावर असतं. माझ्यात मध्ये दिशा बदलणारी चाकं नाहीत, म्हणजे पुढे जाताना इंजिन फिरेल तसाच पंखा फिरणार. शेपूट डावीकडे, म्हणजे पंखा उलटा. पंखा उलटा, म्हणजे इंजिन उलटं.

“उलटी आहे ही!” उस्ताद खालूनच ओरडले. “आख्खी उलटी आहे, आणि मी हिला सुलटी फिरवतोय!”

त्यांना हसू आवरेना. लेक मात्र बाहेर येऊन माझ्या डाव्या कुशीवरच्या खोकेवर हात ठेवून उभी राहिली. ती बाकीच्या बोटींवर शिकली होती. तिने त्या दिवशी मला उजवीकडे जाणारी धरून चालवलं होतं.

“तुला तेव्हाच सांगायला आले होते मी,” कप्तान म्हणाली. “तू दार लावून बसलीस.”

जळका जुना स्टार्टर दोन दिवसांत नव्या तारा गुंडाळून आला. तो मूळचाच उलट्या फेऱ्याचा होता. वायरींचा क्रम बदलला. थंड राहायला पिंपातून नळी जोडली. या वेळी किल्ली कप्तानने फिरवली. दोन गिरक्या, एक ढेकर, आणि मी उठले. काय सांगू तो आवाज. आठही सिलिंडर एका सुरात, अंगणातली पानं थरथरताहेत, शेजारी गच्चीत आलेत, उस्ताद डोळे पुसताहेत आणि धुराने पाणी आलं म्हणून सांगताहेत. खोक बुजवून रंग द्यायचा राहिला होता. लेकीने बुजवू दिली नाही.

आणि आज परवान्याचा शेवटचा दिवस. सकाळी मला ट्रेलरवरून तळ्यावर आणलं. राखणदाराने दुसऱ्या बोटी थांबवून तळं मोकळं करून दिलं. पाण्याला पोट टेकलं आणि माझ्या अंगावर काटा आला, वीस वर्षांनी ओला काटा. कप्तानने एकच उशी घेतली, स्टिअरिंग धरलं. लेक मागे तोंड करून बसली. उस्तादांनी पायात फळ्या घातल्या आणि दोर धरला.

“डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं,” लेक दोन्हीकडे मान वळवून सांगत होती. समोर लाल गोळ्यांच्या दोन रांगा आणि त्यांच्या मधून माझी वाट. मी जोर लावला. दोर ताणला, मागचं वजन पाण्यातून वर आलं, आणि ते वजन मी लगेच ओळखलं. थोडं वाढलंय, इतकंच. गोळे दोन्ही बाजूंनी मागे पळत होते. कप्तानला ते दिसत नव्हते, तिला फक्त मधली वाट दिसत होती, आणि ती मला त्या वाटेवरून केसभरही हलू देत नव्हती. शेवटचा गोळा गेला तेव्हा ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. तळ्याचं पाणी नव्हतं ते. उस्ताद शेवटी पडले. मला वाटतं मुद्दाम, जुन्या सवयीने.

धक्क्याशी तिने मला मागे घेतलं. मी शेपूट डावीकडे टाकलं, तिने टाकू दिलं, आणि मी अलगद जाऊन लागले. तिने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि लेकीपुढे धरली.

“मी आपटेन, आई.”

“कुठे जाते ती?”

“डावीकडे.”

“मग जाऊ दे तिला.”

लेकीने मला जरा पुढे नेऊन पुन्हा धक्क्याशी मागे घेतलं, आणि शेपूट डावीकडे जाऊ दिलं. दुसरी फेरी सुरू झाली, तेव्हा कप्तान पहिल्यांदाच माझ्या मागे तोंड केलेल्या सीटवर बसली. इतकी वर्षं ज्याला तिने आरशात बोटाएवढा पाहिला तो समोर, अख्खा, पाण्यातून वर येत होता. नजरेच्या कडा गेल्या होत्या, पण तो मधोमध होता. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

“अगं,” ती शेवटी म्हणाली, “हे जीभ बाहेर काढून स्की करतात.”

“मघाशीच पाहिलं मी,” लेक म्हणाली. “तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं.”

दोघी इतक्या हसल्या की मी एकदा चक्क वाकडी गेले.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरामागे कुणी झाकलेलं असेल, तर एकदा कापड उचला. आणि दुरुस्तीला बसाल तेव्हा, ते ज्याच्या हातात राहिलं त्याला आधी विचारा. आम्हाला बोलता येत नाही, पण आमच्या खोडी त्याला पाठ असतात.

चला, उस्तादांना आणखी एक फेरी हवी आहे. या वेळी ते जीभ आत ठेवणार आहेत म्हणे. कप्तान मागे तोंड करून बसली आहे, दोर ताणला गेलाय, आणि ‘ने’ म्हणून तिचा हात वर झालाय. निघते मी.