विवेकच्या नावानं आलेली गाडी

रामाजी एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसल्यावर वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या त्यांच्या घरात कुणी कुठं जायचं म्हटलं, की आधी रस्त्याची चर्चा व्हायची.

त्यामुळे मुलगी दीपमाला परदेशी निघाली तेव्हाही तेच झालं. ती कापसाच्या किडींवर काम करणाऱ्या एका संशोधन केंद्रात नोकरीला होती. दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी तिला ताश्कंदला पाठवत होते. तिकीट झालं, व्हिसा झाला, बॅग भरून झाली. राहिला एकच वाद. विमानतळावरून हॉटेलात जायचं कसं, टॅक्सीनं की ॲपवरून गाडी बोलावून?

"आतमध्येच टॅक्सीचा काउंटर असते," रामाजी म्हणाले. "तिथं पावती फाडजो. बाहेर आल्यावर जो समोर येईन त्याच्या गाडीत नको बसू."

"बाबा, नवा मानूस दिसला की टॅक्सीवाले गावभर फिरवते," विवेक म्हणाला. विवेक दीपमालाचा धाकटा भाऊ, वर्ध्यात विम्याच्या ऑफिसात होता. "ॲपमध्ये गाडीचा नंबर येते, ड्रायव्हरचा फोटो येते, रस्ता दिसते. टॅक्सीत काय दिसते?"

"टॅक्सीत ड्रायव्हर दिसते," रामाजी म्हणाले.

दीपमाला हसली. पण तिनं विवेकचं ऐकलं, कारण हॉटेलच्या मेलमध्येही ॲपचीच शिफारस होती. अडचण एवढीच झाली की तिच्या नंबरवर त्या ॲपचा ओटीपी काही केल्या येईना. शेवटी खातं विवेकच्या मोबाइलवर उघडलं. ती उतरली की विवेकनं वर्ध्यात बसून गाडी बोलवायची, नंबर तिला कळवायचा, आणि तिनं जाऊन बसायचं, असं ठरलं.

ती उतरली तेव्हा इथं दुपारचे अडीच वाजत आले होते. समोरच्या खोलीत पंखा फुल्ल सोडून रामाजी, विवेक आणि आई मीराबाई, तिघंही बसली होती. रामाजींच्या हातात त्यांचा मोबाइल होता. दीपमालानं व्हॉट्सॲपवर आपलं लोकेशन पाठवलं होतं आणि तिथं तिचा छोटा गोल फोटो नकाशावर हलत होता. विवेकच्या मोबाइलवर ॲप उघडं होतं.

तिचा व्हिडिओ कॉल आला. मागं लोक, ढकलगाड्या, गोंगाट. तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"विवेक, मी बाहेर आली. विवेक, ऐकू येते का? बोलाव गाडी."

"बोलावली, ताई. सहा मिनिटात येते. पांढरी गाडी हाये. नंबर पाठवतो."

"इथं सगळ्याच पांढऱ्या हायेत," ती म्हणाली. तिच्या खांद्यामागं दोन-तीन माणसं उभी होती, विमानतळाबाहेर असतात तशी, किल्ल्या बोटात फिरवत. मग कॉल बंद झाला.

विवेकनं नंबर पाठवला. थोड्या वेळानं तिचा मेसेज आला, "बसली." मीराबाई निश्चिंत होऊन चहा ठेवायला उठल्या.

रामाजी नकाशाकडं बघत होते. फोटो विमानतळापासून सुटला आणि रस्त्याला लागला. "निघाली पोरगी," ते म्हणाले.

विवेकनं स्क्रीनवर दोनदा बोट फिरवलं.

"बाबा, गाडी तर उभीच हाये."

"कोनती गाडी?"

"आपली. आता पोचली ती. ड्रायव्हर वाट पाहून राह्यला, असं दाखवते इथं."

रामाजींनी दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी धरले. एकावर दीपमालाचा फोटो पुढं सरकत होता. दुसऱ्यावर गाडीचं चित्र विमानतळाच्या दाराशी स्थिर होतं. विवेक म्हणाला, नेटवर्कची गडबड असेल. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नंबर परदेशातला होता. त्यानं स्पीकरवर घेतला. एक माणूस काहीतरी विचारत होता, शांतपणे, पुन्हा पुन्हा. भाषा कळत नव्हती, पण त्यातले दोन शब्द कळले. एअरपोर्ट. वेटिंग.

स्वयंपाकघराच्या दारात मीराबाई उभ्या होत्या. "मंग पोरगी कोनाच्या गाडीत बसली?" त्यांनी विचारलं.

विवेकचा चेहरा उतरला. तो दीपमालाला फोन लावायला लागला तसा रामाजींनी त्याचा हात धरला. "तू नको. तू ओरडशील. मी बोलतो."

रामाजींनी आपल्या मोबाइलवरून लावून स्पीकर सुरू केला आणि तिनं लगेच उचलला. आवाज मोकळा होता. "हां बाबा, बसली मी. चांगला मानूस हाये. हिंदी पिक्चरचे गाणे माहीत हायेत त्याले."

"त्याले तुहं नाव कोनी सांगितलं?"

"माहं नाई, विवेकचं. जवळ येऊन म्हणाला, विवेक? मी म्हटलं, हो. बुकिंग तर विवेकच्याच नावानं हाये ना."

"नंबर पाह्यला?"

"बॅग त्यानंच उचलून डिक्कीत टाकली. गर्दी होती लय."

रामाजींनी डोळे मिटले. मघाचा व्हिडिओ त्यांच्या डोळ्यांसमोर आला. तिचं मोठ्यानं विवेक, विवेक म्हणणं, आणि मागं उभी असलेली ती माणसं.

"माय, आता मी सांगतो ते हसत हसत ऐक," ते म्हणाले. "हिंदी नाई, इंग्रजी नाई, आपल्याच बोलीत बोल. त्याले समजन असा एकही शब्द तोंडातून काढू नको. हा गाडीवान आपला नोहे. आपला तिथंच उभा हाये, तुही वाट पाहून राह्यला."

पलीकडून नुसतं गाडीतलं गाणं ऐकू येत होतं. मग ती हसली.

"बरं, बाबा," ती म्हणाली.

"हाटेल कोन्या बाजूले हाये, विवेक?"

विवेकनं बोटानं दाखवलं. हॉटेल उत्तरेला होतं. दीपमालाचा फोटो पूर्वेकडं चालला होता. शहर विरळ होत होतं. मोठ्या रस्त्याला लागून लांबलचक छपरं होती, गोदामांसारखी. गाडी कुठंच अडकत नव्हती, आणि हीच गोष्ट रामाजींना सगळ्यात वाईट वाटत होती. ज्याला वाट माहीत असते, त्याची गाडी अशी एका लयीत जाते.

"दाराची कडी हळूच ओढून पाह्य. आवाज नको होऊ देऊ."

थोडा वेळ गेला. "नाई उघडत."

"लेकरं दार उघडू नये म्हनून बारीक खटका असते, तो लावला त्यानं. आतून नाई उघडत, बाहेरून उघडते. घाबरू नको. काच खाली होते का? गरम होते म्हन त्याले."

तिनं ड्रायव्हरला काहीतरी सांगितलेलं ऐकू आलं. मग वाऱ्याचा घोंघावणारा आवाज आला.

"झाली."

"पूर्ण?"

"अर्ध्याच्या खाली."

"पुरते तेवढी. पर्स गळ्यात अडकव. बॅग सोड, तिच्याकडं पाहू नको." ते विवेककडं वळले. "विवेक, रस्त्यावर हे लाल काय हाये?"

"तिथं गाड्या तुंबल्या हायेत, बाबा. बाजार दिसते."

लाल पट्टा फारसा दूर नव्हता. पण त्याच्या आधी एक फाटा होता. तिथून एक रस्ता बाजाराकडं जात होता आणि दुसरा सरळ शहराबाहेर. रामाजींनी ते दीपमालाला सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "पुढं गर्दी लागन. गाडी पूर्ण थांबली की हात बाहेर टाकून बाहेरची कडी ओढजो. उतरली की मागं पाहू नको. जिथं बाया दिसतीन तिकडं जाजो."

मीराबाईंचे ओठ हलत होते. बुद्धवंदनेतलं त्रिसरण चाललं होतं, आवाज नव्हता. चहा उकळून चुलीवर सांडल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही.

फोटो फाट्यापाशी आला. तिथं तो थांबल्यासारखा झाला. विवेक मोबाइलवर इतका वाकला की त्याच्या डोक्याची सावली स्क्रीनवर पडली. रामाजींनी त्याला हातानं मागं सारलं. मग फोटो उडी मारून पुढं आला. बाजाराच्या रस्त्यावर.

"बाबा, हा कोनाले तरी फोन करून राह्यला," दीपमाला हळू आवाजात म्हणाली. आता ती हसत नव्हती. "माह्याकडं आरशातून पाहून राह्यला."

"पाहू दे. तू मोबाइलकडं पाह्य."

भोंगे ऐकू यायला लागले. एक, मग खूप. फोटो लाल पट्ट्यावर गेला, दोनदा सरकला आणि थांबला.

"आता," रामाजी म्हणाले.

खरखर झाली. एका पुरुषाचा आवाज आला, मोठा नव्हता, एकच शब्द होता. काहीतरी आपटलं. कॉल तुटला.

विवेकनं परत लावला, वाजत राहिला. रामाजी नकाशावरून नजर हलवत नव्हते. फोटो तिथंच होता. एक मिनिट झालं. दोन झाली. ती गाडीतच असली तरी तो तिथंच असणार होता, हे तिघांनाही कळत होतं. मग फोटो हलला, अगदी थोडा. थांबला. रस्ता सोडून आडवा गेला. पुन्हा थोडा.

"हे चालनं हाये," रामाजी म्हणाले. "गाडी अशी नाई चालत. पोरगी पायी चालून राह्यली."

तिचा फोन आला तेव्हा ती एका रोटीच्या दुकानात, भट्टीच्या मागं बसली होती. दुकानातल्या बाईंनी तिला पाणी दिलं होतं आणि दार ओढून घेतलं होतं. तिचं मनगट खरचटलं होतं. पासपोर्ट पर्समध्ये होता. विवेकनं हॉटेलला फोन केला, तिथला माणूस येऊन तिला घेऊन गेला.

हॉटेलात पोचल्यावर तिनं पुन्हा फोन केला.

"बाबा, माही बॅग इथं आली हाये. माह्या आधी."

"कोन घेऊन आलं?"

"तोच. काउंटरवर ठेवून गेला. मॅडम विसरल्या म्हणाला. हाटेलचं नाव मीच सांगितलं होतं त्याले बसताना. त्यानं विचारलं म्हणे, मॅडम किती दिवस हायेत, कोन्या मजल्यावर हायेत. काउंटरवरच्या पोरीनं सांगून टाकलं."

त्याच संध्याकाळी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी तिला आपल्या वसतिगृहात हलवलं. त्यांनी पोलिसांत विचारून पाहिलं. काही चोरीला गेलं नाही, सामान परत मिळालं, गाडीचा नंबर माहीत नाही, मग तक्रार कशाची लिहायची, असं उत्तर आलं. विवेकही हळूहळू म्हणायला लागला की जास्त भाडं काढायला फिरवत असेल फक्त.

"मंग दाराचा खटका काऊन लावला?" रामाजींनी विचारलं. पुढचे दहा दिवस विवेक ऑफिसातून दुपारी घरी यायचा आणि तिचं लोकेशन बघून परत जायचा.

दहा दिवसांत काहीच झालं नाही. ती संस्थेच्या बसनं गेली, संस्थेच्या बसनं आली.

तिला घ्यायला रामाजी शेजारच्या नीलेशची गाडी मागून एकटेच नागपूरला गेले. सकाळची वेळ होती. परतताना बुटीबोरी मागं पडेपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "एक गोष्ट फोनवर नाई सांगितली."

"सांग."

"बॅगेचं कुलूप लावलेलंच होतं. पन आतले कपडे मी भरले तसे नोहते. माह्याहून नीट घड्या घातल्या होत्या. एक न एक."

रामाजींनी वेग कमी केला.

"काही गेलं नाई म्हटलं मी सगळ्याइले. संस्थेच्या कार्डासाठी चार फोटो नेले होते, बॅगेतल्या फाइलमध्ये. एक तिथं दिला. राह्यले दोन."

"नीट पाह्यलं? इकडं तिकडं पडला असन."

"रोज पाहून राह्यली, बाबा. दहा दिवस."

समोरून ट्रक येत होता. रामाजींनी गाडी कडेला घेतली, ट्रक जाऊ दिला, आणि तो गेल्यावरही लगेच निघाले नाहीत. इंजिन चालू होतं.

"आईले नको सांगू," ते म्हणाले.

"नाई सांगत."

त्यांनी आरशात मागचा रस्ता पाहिला. रिकामा होता. मग गिअर टाकला आणि गाडी सेलूच्या दिशेनं, घराकडं काढली.