उपाशीपोटी

"सकाळपासून काही खाल्लंय ना, बाबा?" फोनवरच्या नर्सने विचारलं.

"नाही," दवाखान्याकडे निघालेल्या जीपमधून शिंपीमास्तर म्हणाले. रमजानचा महिना, जीपमधले सगळे प्रवासी रोज्याचे. उपाशी माणसांसमोर डबा उघडायचा कसा, म्हणून त्यांनी दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

"उपाशीपोटी आम्ही रक्त घेत नाही," नर्स म्हणाली. "तुमच्या गटाचं कुठेच मिळत नाहीये, आणि तुमच्या मुलीचा रक्तस्राव थांबत नाही. खाऊन या, पण लवकर या."

बाकीचे प्रवासी मागच्या गावात उतरले होते. मास्तरांनी डबा उघडला, तर भाजी आंबून फसफसलेली. रस्त्यावरची खानावळही बंद होती.

"पोरगी दवाखान्यात, आणि तुम्ही आमच्यासाठी उपाशी?" मास्तरांकडून सगळं कळल्यावर ड्रायव्हर भडकला. "अहो, रोजा आमचा आहे, तुमचा नाही!"

त्याने जीप आडवाटेला घातली.

"इकडे कुठे? उशीर होतोय हो!"

"बहिणीकडे. चार घास खा, मग उडवतो गाडी."

बहीण स्वयंपाकालाच लागली होती. भावाने दारातूनच काय ते सांगितलं. तिने मास्तरांना ना नाव विचारलं ना गाव, भात वाढला आणि उकळतं कालवण ओतलं. तिचे स्वतःचे ओठ सुकून गेले होते.

"सावकाश जेवा, भाऊ. रोज्यात मी चाखत नाही, मीठ अंदाजाने घातलंय. बरोबर झालंय ना?"

पहिल्याच घासाला मास्तरांचा घसा जळाला. कालवण खारट, नुसतं खारट. घरी मीठ जरा इकडचं तिकडे झालं तर ताट सरकवणारा हा माणूस.

"झकास झालंय, ताई," ते म्हणाले आणि भाताचं शीतही न ठेवता जेवले.

निघताना तिने त्यांच्या हातात खजूर आणि पाण्याची बाटली दिली. "रोजा सुटायची वेळ रस्त्यातच होईल. ह्याला खायला लावा."

घाटात सूर्य बुडाला. खालच्या वस्तीतून अजान ऐकू आली. ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"थांबा ना जरा, खाऊन घ्या."

"पोहोचल्यावर."

मास्तरांनी खजुरातली बी काढली आणि त्याच्या तोंडाशी धरली. त्याने रस्त्यावरची नजर न हलवता तोंड उघडलं. मग मास्तरांनी बाटली त्याच्या ओठांना लावली, लेकीला लहानपणी पाजायचे तशी, मानेवर सांडू न देता.

दवाखान्यात नर्सने आधी पोटाचं विचारलं, मग सुई टोचली. पिशवी भरली, तपासणीला गेली, तिथून आत गेली. दार बंद झालं. मास्तर बाकावर बसले. आपल्या भिडेपायी उशीर तर झाला नाही ना, या विचाराने त्यांना दरदरून घाम फुटला होता. ड्रायव्हर गेला नव्हता. तोही शेजारी बसून होता.

खूप वेळाने नर्स बाहेर आली.

"शुद्धीवर आलीय. पाणी मागतेय. आत्ताच देता येणार नाही, आम्ही ओठ ओले करतो."

"पाणी मागतेय," मास्तरांनी ड्रायव्हरला सांगितलं आणि ते हमसून हमसून रडू लागले.

"अहो, रडताय काय? मागतेय ना पोरगी!" असं दरडावून ड्रायव्हर उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.