कासराभर दिवस आणि बावीस तास

मी एक जुना पृथ्वीगोल आहे, मोठ्या कलिंगडाएवढा. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानातून मी हिंजवडीच्या शाळेत आलो, तेव्हा गावात धड डांबरी रस्ताही नव्हता. मित्रांनो, मंदाकिनीबाई मला गरकन फिरवत आणि वर्गातली चाळीस डोकी माझ्यामागे फिरत. पुढे शाळेत संगणक आले आणि मी कपाटाच्या माथ्यावर गेलो. धुळीने माझे महासागर करडे झाले. पण बाईंनी मला मोडीत काढले नाही. आपल्या जुन्या विद्यार्थिनीच्या, ऋतुजाच्या हाती सोपवले.

ऋतुजाचे वडील हिंदुराव. ज्या रानात ते ज्वारी पेरत, तिथे आता काचेच्या इमारतीतली संगणक कंपनी उभी होती आणि ऋतुजा तिथेच नोकरी करी. दोन हजार साली कंपनीने तिला सहा महिन्यांसाठी सॅन फ्रान्सिस्कोला पाठवायचे ठरवले. हिंदुराव नाहीच म्हणाले. सकाळी निघून रात्रीपर्यंत घरी परतता येणार नाही, एवढ्या लांब पोरीला धाडायचे नाही, हा त्यांचा हट्ट.

मग कंपनीचे तिकीट आले. हिंदुरावांनी ते वाचले. मुंबईहून मंगळवारी पहाटे दोनला निघायचे आणि तिथे मंगळवारीच सकाळी साडेअकराला उतरायचे. त्यांनी बोटांवर तास मोजले.

"साडेनऊ तास? आगं, यष्टीनं नागपूर ह्याच्यापेक्षा लांब हाय. जा की."

ऋतुजा गप्प राहिली असती, तर तिचे काम झाले होते. पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने खोलीची दारे-खिडक्या लावल्या आणि मला त्यांच्यासमोर ठेवले.

"आप्पा, तास मोजताना तुम्ही चुकलात. बावीस तास लागतात."

तिने माझ्यावर विजेरी धरली. पुण्यावर ऊन पडले आणि सॅन फ्रान्सिस्को अंधारात गेले. उन्हाळ्यात तिथले घड्याळ इथल्याहून साडेबारा तास मागे असते. तेच तास तिकिटात लपले होते.

हिंदुरावांचा चेहरा पडला. त्यांनी गोधडीचा दोरा काढला आणि भिंतीवरच्या नकाशात दिसते तशी पश्चिमेची आडवी वाट माझ्यावर मोजली. ऋतुजाने तोच दोरा उत्तरेकडून, ध्रुवाजवळून ताणला. अर्धी वीत दोरा उरला. चपट्या नकाशाला हे कधी दाखवता आले नसते, हे मी अभिमानाने सांगतो.

त्यांनी तो उरलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"गप बसली असतीस, तर मला कळलंबी नसतं," ते म्हणाले. "जा तू. तिकडं दिवस कासराभर वर आला, की फोन कर. हितं आमची जेवणं झाल्याली असत्यात."

कासरा म्हणजे बैलाचा दोर; तेवढा सूर्य वर चढला, की दिवस कासराभर आला. अंतर आणि वेळ दोन्ही मोजणारा हा शब्द मला शाळेत कुणी शिकवला नव्हता.

मित्रांनो, ऋतुजा सहा महिन्यांनी परत आली. हिंदुराव आता थकले आहेत, पण पाहुण्यांना अजून मीच दाखवतो, पोर कुठल्या वाटेने गेली होती ते. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला हलक्या हाताने फिरवा, धूळ पुसा. माझीही पुसा. फक्त ध्रुवाजवळून जाणारा तो दोरा हिंदुरावांनी डिंकाने चिकटवलेला आहे, तेवढा सोडवू नका.