गप्पी काढलेलं टाकं

डासाच्या अळ्या तपासायला आलेल्या डिंपलनं पुंजाजींच्या अंगणातल्या टाक्यात बॅटरीचा झोत मारला आणि तिचा चेहरा पडला.

“काका, अळ्या हायेत.”

“बेडकाचे पिल्लं हायेत ते,” पुंजाजी म्हणाले.

“पिल्लं मले समजतात. ह्या डोकं खाली करून लटकून राह्यल्या. तुमीच त शिकवलं मले.”

शिकवलं होतं खरं. हिवताप खात्यात पुंजाजींनी एकतीस वर्षं लोकांच्या घरातलं साठलेलं पाणी सांडलं. रोहिणखेडच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या अंघोळीचा हंडाही उपडा केला होता. नवरदेव हळद लावलेल्या अंगानं पाहत राहिला. डास ओळखपाळख पाहत नाही, असं त्यांनी तेव्हा सगळ्या मांडवाला सुनावलं होतं.

निवृत्तीनंतर गल्लीनं ‘साहेब’ म्हणणं सोडलं. पायरीखालचा एक बेडूक तेवढा रोज संध्याकाळी दारात येऊन बसे. पुंजाजींना तेवढी विचारपूस पुरली. उभ्या नोकरीत त्यांनी जीवजंतू पाहिले ते मारण्यापुरते. आता नुसतेच पाहू लागले. गवत वाढू दिलं, पाखरांसाठी जास्वंद लावली, बेडकासाठी सिमेंटचं टाकं भरलं. सवयीनं त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले. दोन पावसाळे गप्पींनी बेडकाची अंडीही साफ केली. यंदा पुंजाजींनी गप्पी काढून टाकले. त्यानं काय होईल हे त्यांना सुचलं नाही. म्हणजे सुचलं, पण तोवर पिल्लं टाक्याबाहेर पडायला आठच दिवस उरले होते.

“सापडलं ना बाप्पा?” भिंतीपलीकडून शेजारच्या कौशल्याबाई बोलल्या. “मी म्हणतच होती, एवढे डास कुठून येऊन राह्यले!” त्यांची नात अर्पिता चार दिवसांपासून डेंग्यूनं खामगावच्या दवाखान्यात होती.

“पोरीचे प्लेटलेट किती हायेत?” पुंजाजींनी विचारलं.

“तीस हजार. सकाळी नाकातून रक्त आलं.”

डिंपलनं आवाज खाली केला. “काका, गल्लीत आनखी दोन घरी सापडल्या. तुमचाच डास असन असं थोडीच हाय? मी इथं निरंक लिहिते.”

“अळी सापडली, असंच लिहिजो.”

“मंग पिल्लं तरी बादलीत घ्या. नाल्यात सोडू.”

“नाल्यात गप्पी हायेत.”

“विहिरीत?”

“तिथंबी. तलावातबी. समदीकडे मीच सोडले.”

पुंजाजींनी वाकून टाक्याच्या बुडाचा बोळा ओढला. पाणी गवतात पसरलं. पिल्लं उरलेल्या पाण्यामागे सरकत गेली. काहींना मागचे पाय फुटले होते. ते पाय पिल्लांनी हलवून पाहिले. मग पाणी संपलं. पुंजाजींनी सगळी पिल्लं ओंजळीनं उचलून जास्वंदीच्या बुंध्याशी ठेवली.

डासाची अंडी टाक्याला आतून चिकटून राहतात. नुसतं सांडून भागत नाही, घासावं लागतं. ते काथ्या घेऊन उकिडवे बसले. डिंपलनं दारावर खडूनं तारीख टाकली आणि पुढच्या घरी गेली. कौशल्याबाई डबा घेऊन खामगावच्या एसटीसाठी निघाल्या; जाताना त्यांनी इकडे पाहिलं नाही. डिंपलची तीन घरं झाली, तरी काथ्याचा आवाज येतच होता. टाकं केव्हाच पांढरं झालं होतं.