नव्या दाराची नक्षी

लाकडी हातोडा दुसऱ्यांदा बसला, तेव्हा कॉम्प्युटरच्या काचा माझ्या पायांपर्यंत उडाल्या. हातोडा माझ्या मुलाचा. दारांवर नक्षी कोरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण कारखान्याच्या मालकानं कोरायचं यंत्र आणलं आणि याच्याकडे फळ्या चढवायचं नि भुसा झाडायचं काम उरलं. त्यात यंत्र कोरतं ती नक्षी घरी बसून काढायची कोण, तर याची बायको. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या.

"आता काढ नक्षी," तो म्हणाला.

त्याला वाटायचं, सगळं कॉम्प्युटरच काढतो, ही नुसती बटणं दाबते. सुनेनं काचा पायानं सारल्या, खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि पेन्सिल घेऊन बसली. वेल इतकी झरझर उतरली, की मीही बघत राहिले. तो तर त्याच कामातला माणूस, त्याला कळायला कितीसा वेळ लागणार? त्यानं तिचा उजवा हात ओढला, चौकटीत धरला आणि दार आपटलं. एकदा नाही, दोनदा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोच हातोडा उचलून मी त्याच्या खांद्यात घातला. पोटचा गोळा म्हणून हात आखडला नाही. तो खाली बसला आणि रडायला लागला.

"यंत्राला मी काय करणार होतो, आई?"

मला त्याची दया आली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? सून म्हणाली, पाय घसरून पडले.

"पडली नाही. माझ्या मुलानं हात मोडलाय तिचा," मी म्हणाले. "तसंच लिहा आणि पोलिसांना बोलवा."

त्याला त्याच दिवशी नेलं. सकाळी मालक आला. यंत्रावर दुसरा माणूस उभा केलाय, काम काही अडलेलं नाही, म्हणाला. नव्या दाराची नक्षी मात्र अडलीय, सूनबाईंचा हात कधी बरा होईल? डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

तो गेल्यावर सुनेनं डाव्या हातात पेन्सिल धरली. पहिली रेघ वाकडी गेली, दुसरीही गेली. उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे कागद सारखा सरकत होता. मी तिच्याजवळ बसले आणि कागद दोन्ही हातांनी दाबून धरला.