बर्फ नसलेली नदी

नर्मदेच्या मुलखातल्या अधारतालच्या श्यामसुंदररावांची विहीर यंदा होळीच्या आधीच आटली, आणि त्याचं कारण त्यांनी खुर्चीत बसल्याबसल्या शोधूनही काढलं. हिमालयातला बर्फ वितळतोय! टीव्हीवर रोज तेच दाखवत होते. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे वेळ भरपूर. गल्लीत भेटेल त्याच्या गळी ते हाच बर्फ उतरवत सुटले. सारं जगच बदलतंय, तिथे आपण काय करणार, हे त्यांचं पालुपद.

हेमलताबाईंना मात्र या बर्फाचा वीट आला होता. उन्हाळ्यात लेकीचं, विनताचं लग्न. या घरात हळदीचं पाणी घरच्याच विहिरीचं लागे. त्यांच्या सासूबाईंनी सगळ्या लेकींना त्याच पाण्याने न्हाऊ घातलं होतं. आता बादली सोडली की नुसता चिखल येई.

श्यामसुंदरराव वस्तीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंडळामागे एक तलैया होती, म्हणजे लहानसं जुनं तळं. गेल्या वर्षी त्यांच्याच पुढाकाराने ती मुरूम टाकून अर्धी बुजवली होती. उरलेली बुजवली की मांडवापुरतं मैदान होणार, आणि पहिला मांडव विनताचाच पडणार. रविवारच्या बैठकीत हात वर करून ते ठरायचं होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी शेजारच्या शैलजाताई भेटल्या. शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झालेल्या. त्यांनाही रावांनी बर्फ ऐकवला. ताईंनी शांतपणे विचारलं, नर्मदा कुठून निघते? राव म्हणाले, अमरकंटकहून. मग तिथे हिमनदी आहे का? राव गोंधळले. नाही म्हणावं तर टीव्ही खोटा ठरतो, आणि हो म्हणावं तर भूगोल.

"गंगेला उन्हाळ्यात बर्फाचा आधार आहे, श्यामसुंदरजी," ताई म्हणाल्या. "आपल्या नर्मदा मैयाला तो नाही. जमिनीत मुरलेल्या पावसावरच तिला वर्ष काढावं लागते. हवामान बदललं हे खरंच आहे. पाऊस आता चार दिवसांत कोसळून मोकळा होऊन राहिला. त्याला धरून जमिनीत, विहिरींत मुरवायला जागा नको? ही तलैया म्हणजेच आपला बर्फ होता. तो हिमालयात नाही वितळला, आपण मुरूम टाकून घालवला."

राव घरी आले ते डोकं धरूनच. बर्फाची गोष्ट खरी, मग ताईंची खोटी? की दोन्ही खऱ्या? आणि दोन्ही खऱ्या, तर विहीर आटवली कोणी? रात्री जेवणावर त्यांचं लक्ष नव्हतं.

रविवारी शैलजाताई सोडून सगळ्यांचे हात वर गेले. सगळे अध्यक्षांकडे पाहू लागले. रावांचा हात अर्धा वर जाऊन तिथेच थांबला. मैदान झालं नाही तर लेकीचा मांडव कुठे घालायचा, हे त्यांना सुचेना. समोर हेमलताबाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून रावांना बादलीतला चिखल आठवला.

"थांबा," हात खाली घेत ते म्हणाले. "माझी विहीर हिमालयानं नाही आटवली. मीच आटवली! मुरूम काढा लागते. लग्न आम्ही गल्लीत करू."

बैठकीत बराच गलका झाला, रुसवेफुगवे झाले. पण पावसाळ्याच्या आत मुरूम निघाला. विनताची हळद मात्र नळाच्या पाण्यावर झाली. हेमलताबाई त्या दिवशी रडल्या आणि रावांशी बोलल्याच नाहीत.

वाचकहो, बर्फ वितळतोय हे खोटं नाही, आणि त्याची काळजी सगळ्या जगानेच करायला हवी. पण त्याच्या नावावर आपलं पाप खपवू नये. जग बदलत असेल, तर दारातलं तळं आधीपेक्षा जास्त जपायला हवं.

पुढच्या होळीला विनता माहेरी आली. हेमलताबाईंनी विहिरीत बादली सोडली आणि भरून आलेलं पाणी तिच्या पायांवर घातलं. मग उरलेल्या पाण्याची बादली त्यांनी रावांच्या हातात दिली. म्हणाल्या, "घ्या, तुमचा बर्फ."