सामाईक ओटी

खर्डी स्टेशनावरून रिक्षा मिळाली तर लवकर पोचता येतं, नाहीतर शेताशेतातून चालत जावं लागतं अशा एका गावात अनंता आणि सुदाम या दोघा भावांचं घर आहे. आई गेल्यावर घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. चुली दोन झाल्या, दारं दोन झाली. ओटी तेवढी सामाईक राहिली, कारण तिथेही भिंत घातली असती तर भाताची पोती आत न्यायला वाट उरली नसती.

भिंतीला कारण झालं ते एक वाक्य. सासूच्या बाराव्याला, भरल्या पंगतीत, थोरल्या सुदामची बायको गीताबाई म्हणाली होती, "म्हातारीचं हागणं-मुतणं काढलं मी, आन् रडायला सगळ्यांत पुढं ही."

'ही' म्हणजे अनंताची बायको, कविता. ती हातातलं वाढपाचं भांडं तिथेच ठेवून आत निघून गेली, आणि त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद झालं. तीन वर्षं झाली त्याला. अगदीच काही सांगायची वेळ आली तर गीताबाई आपल्या कोंबडीला सांगायची. "काय गो कोंबडे, नळाला पाणी आलंय. कोनाला भरायचं तं भरा म्हनाव." कविता ऐकायची आणि मुकाट्याने हंडा उचलायची.

यंदाच्या उन्हाळ्यात कपडे धुता धुता कविताला भोवळ आली. आरोग्य उपकेंद्रातल्या हर्षाली मॅडमनी तपासलं. प्रेशर बरंच वाढलेलं होतं. त्यांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि म्हणाल्या, "रोज थोडा योग करा. मंगळवारी या, मी दाखवते."

मंगळवारपर्यंत थांबेल ती कविता कसली! अनंताच्या मोबाईलवर तिने व्हिडिओ लावला. घरात जागा नव्हती म्हणून पहाटे ओटीवर गोधडी अंथरली आणि पडद्यावरचा माणूस जे जे करील ते ते सगळं केलं. वाकली, वळली, पाय वर टाकले, फटाफट श्वास सोडत पोट हापशासारखं हलवलं. चौथ्या दिवशी कंबर धरली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पाचव्या दिवशी गोधडी घडीतून बाहेर आलीच नाही.

भिंतीपलीकडून आवाज आला, "झाली गो कोंबडे, हौस फिटली."

ते कविताला फार झोंबलं.

मंगळवारी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, आधी हसल्या आणि मग गंभीर झाल्या. "पोट हलवायचा तो प्रकार अजिबात नको, तुम्हाला प्रेशर आहे. पाय वर टाकणंही नको." त्यांनी तिला उभं राहून हात वर ताणायला शिकवलं. मांजरासारखं पाठ वर-खाली करायला शिकवलं. शेवटी मांडी घालून बसायचं, श्वास सावकाश घ्यायचा आणि सोडताना जरा लांबवायचा.

"बस, एवढंच?" कविताने विचारलं.

"एवढंच. पण रोज. आणि मन पळालं तर त्याच्यावर चिडू नका. वासरू गोठ्यात परत आणतो ना, तसं त्याला हळूच श्वासाकडे आणायचं."

"आमच्याकडं वासरू नाय मॅडम. एक कोंबडी हाये, ती पन जावेची."

दुसऱ्या दिवसापासून गोधडी पुन्हा अंथरली गेली. खरं सांगायचं तर ती तब्येतीसाठी नव्हती, भिंतीपलीकडच्या कानांसाठी होती. बघू, आता काय बोलते ही! कविता डोळे मिटून बसायची आणि श्वास आत घेता घेता बाराव्याची पंगत आठवायची. सोडता सोडता त्या वेळी द्यायला हवी होती ती उत्तरं जुळवायची. एकाहून एक चांगली उत्तरं. एकदा तिच्या लक्षात आलं की आपले दात गच्च आवळलेले आहेत. मग लक्षात आलं की रोजच असतात. तिने जबडा सैल सोडला आणि तिला स्वतःचंच हसू आलं. आपण रोज पहाटे उठून जावेशी भांडायला बसतो की काय?

त्यानंतर पंगत आठवायची थांबली असं नाही. पण आठवली की ती ओळखायची, आणि मन परत श्वासाकडे आणायची. कधी जमायचं, कधी नाही. हळूहळू त्या शांततेत तिला घर ऐकू यायला लागलं. कौलांवरून पळणारी खार, अनंताचं घोरणं, पलीकडे चुलीत फुंकणी मारल्याचा आवाज. आणि आणखी एक. चुलीपुढून उठताना गीताबाईचा तळवा भिंतीवर थपकन् पडायचा, मग तोंडातल्या तोंडात "आई गं", मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग पावलं. रोज.

इतकी वर्षं शेजारी राहून हे आपल्याला कधीच ऐकू आलं नव्हतं, या विचाराने कविताला कसंतरीच झालं. सासू अंगाने भारी होती. तिला उचलणं, बसवणं, न्हाणीपर्यंत नेणं हे सगळं गीताबाईच्या गुडघ्यांवर पडलं होतं. कविता तेव्हा आसनगावला कंपनीत जायची. तिच्या पगारावर घर चालायचं, औषधंही त्यातूनच यायची. त्यामुळे आपलं काही चुकलं असं तिला आजवर वाटलं नव्हतं, आणि आताही वाटत नव्हतं. पण ते गुडघे खरे होते.

मग लावणी आली. दिवसभर चिखलात वाकून कविता इतकी दमायची की पहाटे डोळाच उघडेना. एक दिवस गेला, दुसरा गेला, आणि मग खंडच पडला. लावणी संपली की बघू, असं तिने मनाशी म्हटलं.

एका सकाळी तिला जाग आली ती गीताबाईच्या आवाजाने. "आज पन सामसूम गो कोंबडे. बरं-बिरं नाय का काय तिला?"

त्यात टोमणा नव्हता. कविता अंथरुणात पडल्या पडल्या ते पुन्हा मनात ऐकत राहिली. मग उठली, बाहेर आली, गोधडी टाकली. हात ताणण्याचंही त्राण नव्हतं, म्हणून नुसतीच बसली. ओटीच्या दुसऱ्या टोकाला गीताबाई सुपात तांदूळ पाखडत होती.

"जाऊबाई," कविता डोळे न उघडता म्हणाली, "गुडघे लय दुखतात का?"

सूप थांबलं.

"तुला कोनी सांगितलं?"

"तुमी उठताना ऐकू येतं."

मग गीताबाई म्हणाली, "म्हातारी जड होती."

"होती. आन् मी नव्हते उचलायला."

"तू पगार आनत व्हतीस." गीताबाईने सुपातला एक खडा वेचून अंगणात भिरकावला. "ते मी त्या दिवशी बोलले नाय. बोलायला पायजे होतं."

कविताने डोळे उघडले. श्वास लांबवायचा राहून गेला होता. "मंगळवारी मॅडम असतात," ती म्हणाली. "चला माझ्यासंगं."

"मी काय या वयात गोधडीवर लोळायची नाय हां."

"लोळू नका. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा असतो."

गीताबाई मंगळवारी गेली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून एकेक पाय समोर सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा आणि सावकाश खाली आणायचा, असं मॅडमनी शिकवलं. गुडघे काही नवे झाले नाहीत, पण उठताना भिंत लागेनाशी झाली. कविताचं प्रेशर उतरलं. गोळी मात्र चालू आहे, आणि मॅडम म्हणतात ती चालूच राहील. सांडपाण्याच्या चरीवरून दोघींची अजून वाजते. सणावाराला, पाहुण्यांच्या गर्दीत एखादा दिवस चुकतो. मग कविता त्याचं दुःख न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते.

एकच अडचण आहे. पहाटे ओटीवर कविताच्या गोधडीशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या गीताबाईला गप्प राहून पाय उचलता येत नाही. ती बोलत असते, कविता मधूनच "श्वास, जाऊबाई, श्वास" म्हणते, आणि दोघी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. अनंता चहाचा कप घेऊन बाहेर येतो, ओटीवर टेकायला जागा शोधतो आणि शेवटी अंगणातल्या दगडावर जाऊन बसतो.